जुनी नाणी घेताना-विकताना या चुका टाळा

नाणं जुनं म्हणून महाग असतं, हा समज आधी डोक्यातून काढा. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकाच ठिकाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले. असे ठेवे निघत गेले, म्हणून क्षत्रपांची साधी चांदीची नाणी आजही नोकरदार माणसाला परवडतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया मात्र अजून शंभरीही गाठलेला नाही आणि लिलावात लाखांत जातो. शिल्लक फार थोडे, आणि वर्षवार रुपये जमवणाऱ्या प्रत्येकाचा सेट त्याच्यापाशीच अडलेला.

नुसतं दुर्मीळ असूनही भागत नाही. एखाद्या छोट्या संस्थानाच्या पैशाचा एखादा प्रकार मोजकाच मिळत असेल, पण तो शोधणारे चारच जण असतील, तर दोघांना मिळाल्यावर भाव बसतो. शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याचं, नेमकं उलटं. महाराजांवरच्या प्रेमापोटी मागणी प्रचंड, पण शिवराया त्यांच्यानंतरही दीडशेहून जास्त वर्षं पाडल्या जात होत्या. त्यामुळे सर्वसाधारण दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेली) शिवराई काहीशे रुपयांत मिळते. तिचे हजारो मागणारा माणूस तुमच्या श्रद्धेची किंमत लावतोय. सोन्याचा शिवराई होन खरा दुर्मीळ, म्हणूनच तो कुणी सहज दाखवला तर दोन पावलं मागे सरा.

आता १९३९ च्या रुपयाबद्दल, कारण यात माणसं बुडताना पाहवत नाही. ओळखीच्या एका काकांनी निवृत्तीच्या पैशातून तो घेतला. विकणारा म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय. काकांनी वजन केलं: ११.६६ ग्रॅम, बरोबर. चांदी सराफाकडे तपासली, खरी. आवाज खणखणीत. सगळं बरोबर येणारच होतं, कारण रुपया अस्सलच होता, फक्त १९३८ चा. ८ च्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढली की ९ होतो. भिंगाखाली तिथे कोरल्याच्या बारीक रेघा दिसल्या, तेव्हा काकांचा चेहरा बघवेना. दुसरं गिऱ्हाईक कधी नव्हतंच.

माझी सवय सांगतो. साधा १९३८ चा रुपया जवळ ठेवतो आणि दहापट भिंगातून दोन्हींचे आकडे शेजारी-शेजारी बघतो. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याची सपाट जागा, जराही वेगळी वाटली की विषय संपला. नाणी तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र नसेल तर १९३९ ला हात लावत नाही, आणि घाई करणाऱ्याकडून काहीच घेत नाही. नवखे लोक सहा महिने साधी नाणी हाताळायला तयार नसतात, त्यांना पहिल्याच खरेदीत ‘रेअर’ हवं असतं. बनावट माल यांच्याच जिवावर चालतो.

नाणी घासू नका. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. आजीच्या डब्यातली शिवराई लखलखीत करून आणतात आणि कौतुकाची वाट बघतात. तांब्यावर काळानं चढलेला थर हाच जाणकाराला हवा असतो. एकदा गेला की परत येत नाही, आणि चांगल्या अवस्थेतलं आणखी एक नाणं बाजारातून कायमचं कमी होतं. माती असेल तर मी साध्या पाण्यात भिजत ठेवतो, बस्स.

गोष्ट गाजलेली म्हणजे भाव मोठा, असंही नाही. पाचव्या जॉर्जचा १९११ चा ‘डुक्कर रुपया’ राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून मागे घेतला, पण तोवर लाखोंनी बाहेर गेले होते.

जाहिरातीतला आकडा म्हणजे किंमत नव्हे. लिलावात प्रत्यक्ष किती आले, तेच बघा.

वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं २०१२ चं नाणं ‘लाखांत विकलं जातं’ म्हणणाऱ्याला नोंदणी शुल्क देऊ नका. रिझर्व्ह बँक जुनी नाणी विकत घेत नाही, कमिशनही मागत नाही. २०२१ मध्ये तिनेच तसा इशारा दिला होता.

आणि अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून आजोबांचं नाणं पाठवण्याआधी त्याचं वय मोजा. शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ते देशाबाहेर नेता येत नाही.