जुना पीसी आणि लेझर प्रिंटर: या चुका टाळा

प्रिंट आली नाही की परत प्रिंट दाबायचं, ही चूक करणाऱ्यांना मी आता लांबूनच हात जोडतो. विंडोज सेव्हनवाला जुना पीसी, त्यात स्कॅन केलेली जाडजूड पीडीएफ, वेळ लागणारच. स्वस्तातल्या बऱ्याच लेझर प्रिंटरमध्ये पानाचं चित्र तयार करायचं काम पीसीच करतो, प्रिंटर नुसता छापतो. थांबा की जरा!

आमच्या गिरगावातल्या सोसायटीचे सेक्रेटरी काका. एजीएमची नोटीस काढायची होती, प्रिंटरवर लाइट लुकलुकतोय, कागद हलत नाही. काकांनी प्रिंट दाबलं, परत दाबलं, मग केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावली, त्यामुळे प्रिंटरच्या यादीत 'कॉपी वन' नावाचा आणखी एक उपटला आणि आधीचा ऑफलाइन. मग मला हाक. बघतो तर वर्डमध्ये पेपर साइज लेटर (अमेरिकन माप) आणि ट्रेमध्ये एफोर, म्हणजे प्रिंटर आपल्या घरात नसलेल्या कागदाची वाट बघत बसलेला. क्यू, म्हणजे छापायला थांबलेल्या कामांची रांग, कॅन्सल केली तर 'डिलीटिंग'वरच अडकली. अशा वेळी मी प्रिंटर बंद करतो, विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (ही रांग सांभाळणारी सर्व्हिस) स्टॉप, सिस्टीम ३२ मधल्या स्पूल फोल्डरात 'प्रिंटर्स' आहे त्याच्या आतल्या फाइल्स डिलीट (फोल्डर नाही हं, आतल्या फाइल्स), स्पूलर परत स्टार्ट. मग एफोर दोन्हीकडे लावायचं, वर्डच्या पेज सेटअपमध्ये आणि प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्येही. काका म्हणाले, "एवढं कोण करत बसणार, फॉरमॅट मारूया ना." फॉरमॅट!

ड्रायव्हर, म्हणजे पीसीला प्रिंटरशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर, तुमच्या विंडोजप्रमाणे ३२ बिट हवा की ६४ बिट ते आधी बघा, आणि कुठल्याही भलत्या साइटवरून 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवू नका, प्लीज.

इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका, फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना एकदम भरपूर करंट खेचतो.

इंकजेटची ट्रान्सपरन्सी (छापायची पारदर्शक प्लास्टिक शीट) लेझरमध्ये घातलीत तर ती आत वितळून फ्यूजरला चिकटते.

आणि जुलैतला कागद. मुंबईच्या दमट हवेत रीम उघडी ठेवली की कागद ओल धरतो, वळतो, जॅम होतो, आणि लोक रोलरला शिव्या घालतात. मी पावसाळ्यात ट्रेमध्ये लागेल तेवढाच कागद ठेवतो, बाकीची रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात. जॅम झालाच तर पीसीकडे धावू नका, प्रिंटर बंद करून कागद दोन्ही हातांनी सरळ, सावकाश ओढा. हिसका मारलात तर तुकडा आत राहतो.