बारोलो आणि बरगंडी शेजारी ठेवून चाखताना या चुका टाळा

बारोलो आणि लाल बरगंडी या दोन वाइन ग्लासात ओतल्या की पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या सख्ख्या बहिणी वाटतात. दोन्हींचा रंग फिका, ग्लासापलीकडची बोटं दिसतील इतका पारदर्शक. दोन्ही प्रत्येकी एकाच जातीच्या द्राक्षापासून होतात: इटलीतल्या पिडमाँटमध्ये नेबिओलो, फ्रान्समधल्या बरगंडीत पिनो न्वार. दोन्हीकडे द्राक्षमळ्याच्या एकेका तुकड्याला स्वतःचं नाव आणि मान आहे. तोंडात गेल्यावर मात्र दोघींचा स्वभाव अगदी वेगळा निघतो. लाल वाइनची बांधणी, म्हणजे तुरटपणा, आंबटपणा आणि अल्कोहोल यांचा सांगाडा, कशी असते हे समजून घ्यायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. पण चाखण्याची पद्धत चुकली तर ‘एक कडक, दुसरी पाणचट’ एवढंच हाती लागतं, आणि तो दोन्हींवर अन्याय आहे.

रंग पाहून जोर ठरवू नका

गडद वाइन म्हणजे दमदार आणि फिकी म्हणजे हलकी, हा समज बारोलो पहिल्याच घोटात मोडते. नेबिओलोच्या सालीतली रंगद्रव्यं फारशी टिकाऊ नसतात, त्यामुळे वाइन मुळातच फिकी राहते आणि काही वर्षांतच तिच्या कडेला विटकरी-नारिंगी छटा येते. टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारं तुरट द्रव्य, मात्र भरपूर असतं. पिनो न्वारची साल पातळ, तिच्यात रंगही कमी आणि टॅनिनही त्या मानानं कमी. म्हणजे डोळ्यांना जवळपास सारख्या दिसणाऱ्या या दोन वाइन टॅनिनच्या बाबतीत दोन टोकांना आहेत. विटकरी कड दिसली म्हणून बारोलो खराब झाली असंही समजू नका. तिचा तो नेहमीचा रंग आहे.

तुरट, आंबट आणि कडू यांची गल्लत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो, हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत होते. अर्धकच्चं जांभूळ खाल्ल्यावर होतं तसंच. ही चव नाही, स्पर्श आहे. आम्लता याच्या नेमकी उलट वागते: तिनं जबड्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी सुटतं. अल्कोहोल घशाशी ऊब देतं. कडवटपणा या सगळ्यांपासून वेगळा. तो जिभेला कळतो आणि शेवटी मागे रेंगाळतो.

म्हणून घोट लगेच गिळू नका. आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवा, थुंकून टाका आणि मग गप्प बसून पाहा. पाणी सुटतंय का? हिरड्या ओढल्या जाताहेत का? किती वेळ? थुंकण्यात संकोच वाटू देऊ नका. चार-पाच घोट पोटात गेले की फरक टिपण्याची ताकद झपाट्यानं कमी होते, व्यावसायिक चाखणारेही म्हणूनच थुंकतात.

असं केलं की लक्षात येतं, आम्लता दोन्हींत भरपूर आहे. बारोलोत तिच्या जोडीला टॅनिनची भिंत उभी असते, वाइन गेल्यावरही हिरड्यांवर पकड राहते. बरगंडीत टॅनिन बारीक, रेशमी असतं आणि वाइनला उभं धरण्याचं काम मुख्यतः आम्लता करते. त्यामुळे ‘बरगंडीला बांधणीच नाही’ हे विधान चूक आहे. तिची बांधणी दुसऱ्या सामग्रीची आहे, एवढंच.

सुगंधाकडे यानंतर वळा. बारोलोत सुकलेली गुलाबपाकळी, आंबट चेरी, ज्येष्ठमध, कधी डांबराची झाक. बरगंडीत रास्पबेरी, लाल चेरी, आणि वय वाढलं की ओली माती, अळंबी. गुलाब दोन्हींत सापडू शकतो, म्हणून नुसत्या वासावर ओळख पटवायला गेलात तर फसाल.

बरोबरीच्या बाटल्या निवडा

मोठ्या बारोलोसमोर बरगंडीची सर्वात प्राथमिक, फक्त ‘बूर्गोन्य’ लिहिलेली बाटली ठेवली तर निकाल आधीच ठरलेला असतो. समोर निदान गावाच्या नावाची बरगंडी हवी: वोल्ने, शांबोल-म्युझिन्यी, ज्यव्रे-शांबेर्तां यांपैकी काहीही.

वयाचाही हिशेब ठेवा. नियमानुसार बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 महिने लाकडात. 2020 च्या हंगामाची बारोलो त्यामुळे 2024 उजाडल्यावरच बाजारात येऊ शकली. त्याच वर्षाच्या कित्येक बरगंडी त्याआधीच पिऊन संपल्या होत्या. आणि एवढं थांबूनही बारोलो कोवळीच असते. पाच वर्षांची चांगली बरगंडी मोकळेपणानं बोलू लागलेली असते, तेवढ्याच वयाची बारोलो बहुधा आवळलेल्या मुठीसारखी. जमल्यास बारोलो चार-पाच वर्षांनी मोठी घ्या.

गावागणिकही फरक पडतो. ला मोर्रा गावची बारोलो सहसा मृदू, सुगंधी. सेर्रालुंगा द’आल्बाची करारी. बरगंडीत शांबोल नाजूक, तर पोमार रुंद खांद्यांची. ला मोर्रा आणि पोमार एकत्र मांडलेत तर अंतर बरंच मिटतं. पहिल्या तुलनेसाठी सेर्रालुंगा आणि शांबोल घ्या, चित्र स्वच्छ दिसेल. व्हॅनिला किंवा भाजलेल्या पावाचा वास जोरात आला तर तो नव्या ओक पिंपाचा समजा, द्राक्षाच्या खाती मांडू नका. पारंपरिक बारोलो मोठाल्या जुन्या पिंपांत मुरते, बरगंडी 228 लिटरच्या छोट्या पिंपात.

तापमान

‘रूम टेंपरेचर’ म्हणजे युरोपातल्या जुन्या, थंड घरांचं तापमान. पुण्या-नागपुरातल्या 30 अंशांच्या खोलीत दोन्ही वाइन बिघडल्यासारख्या लागतात: अल्कोहोल नाकात घुसतं, बरगंडी ढिली पडते. बरगंडी 14 ते 16 अंशांना, बारोलो 16 ते 18 ला द्या. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवली की साधारण तिथे पोहोचते. पण थेट फ्रिजमधून काढून बर्फगार बारोलो चाखू नका, कारण थंडीनं टॅनिन आणखी टोचतं.

क्रम आणि खाणं

बरगंडी आधी, बारोलो नंतर. उलट केलंत तर बारोलोचं टॅनिन तोंडात साचलेलं असताना बरगंडी पाण्यासारखी लागेल. ग्लास दोन्हींसाठी एकाच आकाराचे, मोठ्या पोटाचे. दोन घोटांमध्ये पाणी आणि साधा पाव.

चीज आणि मटण मागाहून. प्रथिनं आणि चरबी टॅनिनचा तुरटपणा बोथट करतात. जेवणाबरोबर म्हणूनच बारोलो एवढी खुलते, पण तुलना करताना तोच फरक पुसला जातो. तिखटाचं उलट आहे. मिरचीनं अल्कोहोलची आग आणि टॅनिनचा खरखरीतपणा दोन्ही वाढतात, तांबड्या रश्श्याबरोबर कोवळी बारोलो त्रासदायक होते. असं जेवण असेल तर चाखणं आधी उरका.

तरीही काही बिनसलं तर

बारोलोला वासच येत नसेल तर ती डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद पोटाच्या काचेच्या सुरईत, ओतून दोन-तीन तास विसरून जा. जुन्या बरगंडीला हा उपाय करू नका, तिचा नाजूक सुगंध हवेत उडून जातो. तिला ग्लासातच वेळ द्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास येत असेल तर दोष बुचाचा. त्यावर इलाज नाही, बाटली बदलून मागा. तळाशी गाळ असेल तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा.

आणि बाटल्या एका बैठकीत संपवू नका. अर्ध्या उरलेल्या वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच तापमानाला आणून त्याच क्रमानं पुन्हा चाखा. कोवळी बारोलो बहुतेक वेळा आदल्या दिवसापेक्षा मोकळी, गोलसर लागते. बरगंडीचं फळ मात्र बऱ्याचदा ओसरलेलं असतं.