रविवारची हाडं बंद, मग कुत्र्याला चघळायला द्यायचं काय?

आपल्या कोल्हापुरात रविवारी घराघरात मटण असतंय आणि जेवणं झाली की ताटातली हाडं गोळा करून कुत्र्याला घालायची ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची, आम्ही पण तेच करत होतो. मग एका रविवारी आमच्या चिंगीच्या, पॉमेरियन आहे ती, खालच्या जबड्यात नळीचा गोल तुकडा बांगडीसारखा अडकला, बरोबर सुळ्यांच्या मागं. पुढं येईना, मागं जाईना, ती पंजानं तोंड ओरबाडतीय, लाळ गळतीय, आणि आम्ही ओढायला गेलो की आणखी घाबरतीय. शेवटी डॉक्टरांनी भूल देऊन ती नळी कापून काढली. तेव्हापासून आमच्या घरात शिजलेलं हाड कुत्र्यापुढं जात नाही.

शिजलेलं हाड ठिसूळ होतंय, दाढेखाली आलं की टोकदार चिपा निघतात, त्या घशात रुततात, आतड्याला भोक पाडू शकतात. नाही रुतल्या तरी चुरा आत घट्ट बसतो आणि शी करताना कुत्रं नुसतं कळवळतं. त्यात आपल्या रश्श्यातल्या हाडाला कांदा, लसूण, मीठ, चटणी सगळं लागलेलं असतंय, आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. धुऊन घालतो म्हणणारे बरेच भेटतात, पण हाडाचा ठिसूळपणा काय धुऊन जात नाही हो.

पण कुत्र्याला चघळायला तर लागतंच, ती त्याची गरज आहे. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि ४२ पक्के येतात, त्या काळात काही दिलं नाही तर चपला, सोफा, चार्जरची वायर, काय हाताला लागंल ते जातंय. मोठ्या कुत्र्याचंही तसंच, दिवसभर बांधून ठेवलं आणि तोंडाला काम नाही म्हटल्यावर ते भुंकणारच.

वस्तू निवडताना एकच परीक्षा घ्या, अंगठ्याचं नख जोरात दाबून बघा. थोडं तरी रुततंय का? अजिबात रुतत नसंल तर ती दातापेक्षा टणक समजायची आणि परत ठेवायची. वाळवलेले खूर, शिंगं, मोठ्या जनावराची मांडीची हाडं यात नापास होतात. यांनी वरची मोठी दाढ उभी चिरते, बाहेरून कळत पण नाही, आणि कुत्रं एका बाजूनंच खायला लागलं की मग आपल्या लक्षात येतंय. राधानगरीकडच्या कुणी सांबराचं पडलेलं शिंग आणून दिलं तर ते तर घ्यायचंच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याची खरेदी-विक्री चालत नाही.

दुकानात गाठी मारलेली पांढरी चामड्याची हाडं टांगलेली असतात, स्वस्त असतात म्हणून सगळे तीच घेतात. ती मी देत नाही. न कमावलेलं कच्चं कातडं आहे ते, भिजून बुळबुळीत होतं, मोठा तुकडा गिळला की पोटात फुगतो आणि अडकतो.

त्यापेक्षा वाळवलेले बोकडाचे कान चांगले, किंवा खाटकाकडनं साफ केलेले ताजे कान आणून बिनमिठाचे नीट उकडून द्या. मांसाहार नसणाऱ्या घरात रताळं भारी, अर्धवट उकडून जाड काप करायचे आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर चिवट होईपर्यंत वाळवायचे. दात येणाऱ्या पिल्लाला थंडगार गाजर, तेवढ्यानं हिरड्यांना आराम पडतो. छुर्पी म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज, ते टिकतं भरपूर, पण जोरात चावणाऱ्या कुत्र्याला तेही टणकच पडतंय, आधी कोमट पाण्यात भिजवा. उरलेला बारीक तुकडा भिजवून मायक्रोवेव्हमध्ये पाऊण मिनिट ठेवला की फुगतो, पूर्ण गार करून मगच द्या, आत चटका बसण्याइतका गरम असतो.

आता द्यायचं कसं, हे निवडण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. तुकडा कुत्र्याच्या तोंडापेक्षा लांब पाहिजे म्हणजे अख्खा आत जाणार नाही, आणि हावरट असंल तर एक टोक आपल्या हातात धरून बसायचं. मी खाली फरशीवर बसतो, फोन बाजूला, पहिल्यांदा १०-१५ मिनिटंच. बोटाएवढा तुकडा राहिला की काढून घ्यायचा, पण हिसकायचा नाही, उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकापुढं धरा आणि ते सोडलं की उचला. हिसकाहिसकी केली की कुत्रं पुढच्या वेळी गुरगुरतं नाहीतर घाईनं गिळून टाकतं. दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोलीत. वाळवलेल्या मांसावर साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, त्यामुळं आपले आणि पोरांचे हात साबणानं धुवायचे.

हे सगळं रोजच्या खाण्याच्या दहा टक्क्यांतच. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला ६०. बुली स्टिक नावाची वाळवलेल्या मांसाची कांडी मिळते, तिच्या एका इंचात ९ ते २२ कॅलरी असतात, सहा इंची दिली तर हिशोब तुम्हीच करा. त्या दिवशी जेवण कमी करा.

रंकाळ्यावर फिरवताना मात्र नजर खाली ठेवा. दाणे खाऊन टाकलेला कणसाचा दांडा कुत्रं झटक्यात तोंडात घेतं, आणि उन्हाळ्यात आंब्याची कोय, दोन्ही आतड्यात अडकतात. सारखी उलटी, खाणं बंद, पोट फुगलेलं, शी होत नाही, असं दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. घशात काही अडकलंय असं वाटलं आणि नीट दिसत नसंल तर बोट घालून चाचपू नका, आणखी आत जातंय. तोंडातनं किंवा मागनं दोरा लोंबत असंल तर ओढायचा नाही, आतडं कापतं.

आणि पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा माहितीय, उघडं पाकीट आठवड्यात मऊ पडतं आणि त्यावर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, एकावेळी थोडंच आणा, वास बदललेला वाटला की पैशाचा विचार न करता कचऱ्यात, आणि तेही झाकणाच्या बादलीत, नाहीतर गल्लीतलं दुसरं कुत्रं खाईल.