गोल्डन रॉडचा फुलोरा संपत आला, आता काय करायचं

मंडळी, ज्यांच्याकडे गोल्डन रॉड हे पिवळ्या तुऱ्यांचं फुलझाड आहे त्यांनी या दिवसात रोज प्लॉटमधून एक चक्कर माराच. तुरे पिवळेधमक असून मधमाश्या फिरतायत तोवर राहू द्या, कारण हंगामाच्या शेवटी बाकीची फुलं संपतात तेव्हा त्यांना खायला हेच असतं, आणि फुलोऱ्यात कीटकनाशक तर अजिबात मारू नका. पण तुरा तपकिरी पडायला लागला की थांबायचं नाही, बी धरायच्या आत कापून टाकायचा. एकेका झाडाला हजारोंनी बी येतं, प्रत्येकाला बारीक केसांचा झुपका असतो त्यामुळे वाऱ्यावर कुठल्या कुठे जातं.

हे मूळचं उत्तर अमेरिकेतलं रानफूल. शोभेसाठी म्हणून १७ व्या शतकात युरोपात नेलं आणि आज तिथे नदीकाठ, पडीक रानं याने व्यापलीत, चीनमध्येही तीच गत. म्हणून बांधावर, ओढ्याकाठी हे लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नको झालं म्हणून रोटाव्हेटर मारत असाल तर आधी थांबा, जमिनीतल्या खोडाचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्यातून परत फुटतं, त्यापेक्षा कुदळीने खणून काश्या, म्हणजे जमिनीतल्या खोडाचे फुटवे, वेचून काढा, वेळ जातो पण काम पक्कं होतं.

तीनेक वर्षांचं जुनं बेट मधे विरळ पडलं असेल तर आता उकरा, कडेच्या ताज्या, पांढरी मुळं असलेल्या काश्या घ्या, मधला जुना भाग टाकून द्या. दीडेक फुटावर लावा, भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा बघा. युरियाचा हात आखडताच ठेवा, नाहीतर झाड नुसतं उंच वाढतं आणि लोळतं. दाट झालं, हवा खेळली नाही की पानांवर भुरी अन् तांबेरा हे बुरशीचे रोग येतात, रोगट पाला प्लॉटबाहेर काढा.

अजून एक, याच्यामुळे शिंका येतात म्हणून काहीजण झाडच उपटतात. याचे परागकण जड अन् चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत, किडेच नेतात. खरा त्रास त्याच सुमारास फुलणाऱ्या रॅगवीड नावाच्या तणाचा असतो, ते फूल दिसत नाही म्हणून आळ याच्यावर येतो.

उकरलेल्या काश्या ओल्या गोणपाटात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावून पाणी द्या.