रात्रीचं जेवण झालं की लगेच चपला घाला

मला टाइप २ मधुमेह निघाला तेव्हापासून मी रोज सकाळी नेमाने अर्धा तास चालायचे. उपाशीपोटीची साखर आटोक्यात आली, पण रात्रीच्या जेवणानंतरची काही केल्या उतरेना. शेवटी चालायची वेळच बदलली, आणि फरक पडला तो तिथे.

जेवल्यावर रक्तातली साखर साधारण तासा-दीड तासात सगळ्यांत वर जाते. ती चढत असतानाच पाय हलले पाहिजेत. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ग्लूट-४ नावाचे वाहक पेशींच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढतात. यासाठी त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. आपल्यासारख्यांचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून हे फार मोलाचं.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये टाइप २ च्या ४१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसात कधीही सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. म्हणून एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची धरा.

हात धुतले की दहा-पंधरा मिनिटांत निघा. बोलताना धाप लागणार नाही इतपतच वेग ठेवा. भरल्या पोटी झपाझप चाललं की घशाशी येतं. दहा मिनिटं पुरतात. बाहेर पडता येत नसेल तर घरातच फेऱ्या मारा.

आणि स्वतः मोजून बघा, माझं ऐकून थांबू नका. सारखंच जेवण, तेवढंच, दोन रात्री घ्या: एकदा बसून राहा, एकदा चाला. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. आधी बोटं साबणाने धुऊन कोरडी करा, फळाचा रस बोटाला राहिला तरी आकडा खोटा चढतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं. मला पहिल्यांदा बसून १९६ आणि चालून १५८ आले. पण घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून मी हे चार वेळा केलं आणि वहीत लिहिलं. चारही वेळा चाललेल्या रात्रीचाच आकडा कमी होता.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि खिशात साखर ठेवा. घाम फुटला, हात थरथरले तर थांबून साखर खा. ७० च्या खाली गेलेली असू शकते. चालताना छातीत दाटलं तर मात्र तिथेच थांबा आणि ताबडतोब मदत मागा.

तळपाय बधिर असतील तर चपला नकोत, बंद बूट हवेत. घालण्याआधी आत हात फिरवून बघा. मला एकदा बुटात खडा सापडला होता. पायाला तो अजिबात जाणवला नव्हता.