थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: आधी पंखा, मग संगीत

साउंड डिझाइन शिकताना माझ्या वाट्याला पहिल्यांदा आली ती एका लघुपटाची सुरुवात. प्रसंग साधा: बाई रात्री घरी येते, कुलूप उघडते, अंधारात दिव्याचं बटण चाचपडते. मी पहिल्या फ्रेमपासूनच खर्जातला ड्रोन, म्हणजे सलग घुमत राहणारा सूर, लावला, त्यावर धडधडते ठोके आणि दार उघडताना एक दणका. शिक्षकांनी ऐकून एवढंच विचारलं, "तिला अजून काहीच कळलेलं नाही, मग तू कोणाला घाबरवतोयस?"

संगीताचे ट्रॅक म्यूट केले, तर खाली काहीच उरलं नाही. खोलीला स्वतःचा आवाजच नव्हता. रूम टोन, म्हणजे कोणी बोलत-हलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्यायचा राहूनच गेला होता.

मग परत त्याच खोलीत गेलो आणि तिथला पंखा रेकॉर्ड केला. दर फेरीला त्याची एक बारीक 'टक' यायची. ती प्रसंगभर चालू ठेवली. किल्लीचा आवाज फोलीत, म्हणजे चित्र बघत हालचालींचे आवाज नव्याने रेकॉर्ड करतात त्या पद्धतीने, माइक अगदी जवळ धरून केला. बाईचा हात बटणाकडे जातो तेव्हा पंखा मंदावतो, दोन टकांमधलं अंतर वाढत जातं आणि पुढची टक येतच नाही. संगीत अजिबात नाही. बघणारे खुर्चीत पुढे सरकले. पंखा कोणी बंद केला, हे त्यांना कळायला हवं होतं!

संगीत नकोच असं नाही. 'सायको' या चित्रपटासाठी (1960) संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. श्रेयनामावलीतली ती घायकुतीची धून पुढे नायिका गाडी चालवताना परत येते आणि आपण आधीच अस्वस्थ होतो. 'हॅलोविन'ची (1978) पियानोची धून पाच मात्रांची आहे. चाराची सवय असलेला कान दर आवर्तनाला अडखळतो. पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते 'एम'ने (1931). मुलगी घरी आलेली नाही, आई हाका मारतेय आणि पडद्यावर रिकामा जिना. सुरुवातीचा हा भाग आधी पडद्याकडे पाठ करून ऐका, मग बघा.

ड्रोन वापरणार असाल तर लॅपटॉपवरही ऐकून पाहा, छोट्या स्पीकरमधून खोल खर्ज जवळजवळ गायबच होतो.

आणि शूटिंग संपलं की सगळ्यांना जागच्या जागी स्तब्ध उभं करून निदान एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करा. दिग्दर्शक घाई करेल, तरी करा.