सहा आकडी कोडचा तास

आठवी-नववीच्या वर्गाला ‘इंटरनेटवर सावध राहा’ एवढंच सांगून फार काही साधत नाही. एका तासाला एकच फसवणूक घ्या, उदाहरणार्थ व्हॉट्सअ‍ॅप खातं पळवणं.

फळ्यावर लिहा: ‘अगं, माझा कोड चुकून तुझ्या नंबरवर आलाय, पटकन पाठव ना.’ मग विचारा, हा निरोप मैत्रिणीच्या खात्यावरून आला तर काय कराल? बहुतेक मुलं ‘पाठवू’ म्हणतील. म्हणू द्या, लगेच रागावू नका. खरी गोम अशी की मैत्रिणीचं खातं आधीच पळवलेलं असतं. चोराने आपल्या फोनवर तुमचा नंबर टाकलेला असतो आणि एसएमएसने आलेला सहा आकडी कोड ही तुमच्याच खात्याची किल्ली असते. शंका आली तर मैत्रिणीला साधा फोन लावायचा.

नंतर सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन (एसएमएसच्या कोडशिवाय आणखी एक पिन मागणारी सोय) उघडून सहा आकडी पिन ठेवायला लावा. जन्मतारीख किंवा १२३४५६ नको. ईमेलही जोडा, नाहीतर पिन विसरल्यावर सात दिवस थांबावं लागू शकतं. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर लॉग आउट करा.

खातं गेलंच तर आपल्या नंबरने पुन्हा नोंदणी करून नवा कोड टाकायचा, की चोर बाहेर पडतो. ओळखीच्यांना लगेच कळवा. पैसे गेले असतील तर पालकांसह १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा. चॅट मात्र पुसू नका, तोच पुरावा असतो. घाबरलेली मुलं नेमकं तेच आधी पुसतात.